खनिज संपत्तीचा शोध आणि स्थानिक स्वराज्य संस्थांचे अर्थकारण

प्रास्ताविक

एखाद्या तालुक्यात लोहखनिजाचा मोठा साठा सापडला किंवा किनाऱ्याजवळ तेल लागले, की त्या भागाचे दैव उघडले असा सर्वसाधारण समज असतो. साठा किती टनांचा आहे, रोजगार किती मिळेल आणि शासनाच्या तिजोरीत किती भर पडेल, याची चर्चा सुरू होते. ही तिजोरी नेमकी कोणाची, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. ज्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत खाण सुरू होते तिच्या अंदाजपत्रकात त्या खनिजापोटी किती रुपये जमा होतात? खनिज वाहून नेणाऱ्या ट्रकांमुळे खराब झालेला रस्ता, आटलेल्या विहिरी, गाळाने भरलेली शेते आणि बाहेरून आलेल्या कामगारांमुळे वाढलेली वस्ती यांचा भार मात्र प्रथम तिच्यावरच पडतो.

अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्राच्या वर्गांत केंद्र-राज्य आर्थिक संबंध सविस्तर शिकवले जातात. खनिज महसूल राज्याच्या खाली कसा झिरपतो, किंवा का झिरपत नाही, या प्रश्नाला पाठ्यपुस्तकात फारशी जागा नसते. प्रस्तुत लेखात हा प्रश्न शेटलंड, ब्राझील आणि गोवा या तीन उदाहरणांच्या आधारे मांडला आहे. खनिज किती सापडले यापेक्षा त्याचा पैसा कोणत्या वाटेने, केव्हा आणि कोणाच्या हिशेबात स्थानिक संस्थेपर्यंत पोहोचतो, यावर त्या भागाचे भले-बुरे अधिक अवलंबून असते, हे या तिन्ही उदाहरणांतून दिसते.

उत्पन्न की भांडवल?

शेतकरी पीक विकतो तेव्हा त्याला उत्पन्न मिळते. जमीन विकतो तेव्हा मिळालेला पैसा हे उत्पन्न नसते. जमीन गेली, तिच्या जागी रोख रक्कम आली, एवढेच घडलेले असते. ती रक्कम लग्नकार्यात आणि घरखर्चात संपवली तर पुढच्या पिढीच्या हाती काहीच राहत नाही. खनिजाचे नेमके असेच आहे. ते एकदा काढले की पुन्हा निर्माण होत नाही. म्हणून त्याच्या विक्रीतून आलेला पैसा हे अर्थशास्त्रीय दृष्टीने भांडवलाचे रूपांतर आहे. संपणाऱ्या संसाधनापासून मिळणारा अधिशेष अन्य टिकाऊ भांडवलात गुंतवला, तर पुढील पिढ्यांचा उपभोग कमी न होता टिकू शकतो, असा सिद्धांत अर्थशास्त्रज्ञ जॉन हार्टविक यांनी १९७७ मध्ये मांडला.

काही शासनांनी हे तत्त्व व्यवहारात आणले. अमेरिकेतील अलास्का राज्यात प्रूडो बे येथे १९६८ मध्ये तेल सापडले आणि १९७६ मध्ये राज्यघटनेत दुरुस्ती करून खनिज स्वामित्वधनाचा किमान चौथा हिस्सा स्थायी निधीत टाकण्याचे बंधन घालण्यात आले. नॉर्वेने १९९० मध्ये कायदा करून तेलनिधी स्थापन केला. भारतातील सरकारी लेखापद्धतीत मात्र स्वामित्वधन महसुली जमेच्या बाजूला दाखवले जाते. त्यामुळे खनिज विकून पगार व अनुदाने भागवली तरी अंदाजपत्रकात महसुली शिल्लक दिसू शकते. जमीन विकून घर चालवणाऱ्याने स्वतःला सधन समजावे, तसा हा प्रकार आहे.

शोध आणि पहिला रुपया यांमधील काळ

खनिज सापडल्याची घोषणा आणि प्रत्यक्ष महसूल यांत अनेक वर्षांचे अंतर असते. समन्वेषण, परवाने, भूसंपादन, रस्ते, बंदर अशी कामे झाल्याशिवाय उत्पादन सुरू होत नाही. अपेक्षा मात्र घोषणेच्या दिवसापासूनच वाढू लागतात आणि खर्चही त्यांच्या मागोमाग वाढतो. घाना या आफ्रिकी देशात २००७ मध्ये ज्युबिली हे तेलक्षेत्र सापडले आणि २०१० च्या अखेरीस उत्पादन सुरू झाले. तरीही वाढलेला पगारखर्च, तूट आणि कर्ज यांमुळे २०१५ मध्ये त्या देशाला आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे साहाय्य घ्यावे लागले. भावी तेलाच्या भरवशावर आजचा खर्च वाढवण्याचा हा परिणाम होता.

स्थानिक पातळीवर हे अंतर अधिक जाचक ठरते. जमिनीचे व्यवहार, बाहेरून येणारी माणसे, अवजड वाहने, घरभाड्यातील वाढ हे सर्व उत्पादनाच्या आधीच सुरू होते. पाणीपुरवठा आणि कचरा यांवरील ताणही त्याच वेळी वाढतो. स्थानिक संस्थेचे उत्पन्न मात्र घरपट्टी, पाणीपट्टी, परवाना शुल्क आणि अनुदान एवढ्यावरच राहते. खर्च आधी आणि उत्पन्न नंतर, तेही आले तर, अशी तिची स्थिती होते. या मधल्या काळात स्थानिक संस्थेने काय केले, यावर पुढील बरेच काही ठरते. शेटलंड हे त्याचे उत्तम उदाहरण होय.

शेटलंड : करार आधी, तेल नंतर

शेटलंड हा स्कॉटलंडच्या उत्तरेकडील छोटा द्वीपसमूह आहे. १९७१ मध्ये त्याच्या ईशान्येस समुद्रात ब्रेंट हे तेलक्षेत्र सापडले, तेव्हा तेथील लोकसंख्या १७ हजारांच्या आसपास होती आणि मासेमारी, मेंढपाळी व लोकरी विणकाम यांवर लोक जगत होते. तेलावरील कर लंडनच्या तिजोरीत जाणार हे उघड होते. स्थानिक कौन्सिलला त्यातील वाटा मिळण्याची कायदेशीर तरतूद नव्हती.

कौन्सिलने वाटा मागत बसण्याऐवजी अधिकार मिळवले. ब्रिटिश संसदेने १९७४ मध्ये झेटलंड कौंटी कौन्सिल ॲक्ट हा खास कायदा संमत केला. त्याने कौन्सिलला बंदराचे नियंत्रण, सक्तीने भूसंपादन करण्याचा अधिकार आणि स्वतंत्र राखीव निधी ठेवण्याची मुभा दिली. तेलवाहिनी ज्या किनाऱ्याला येणार तो किनाराच कौन्सिलच्या अखत्यारीत आल्यामुळे कंपन्यांना तिच्याशी बोलणी करणे भाग पडले. बेटांवरील जनजीवनात जो व्यत्यय येणार होता त्याचा मोबदला देण्याचे कंपन्यांनी मान्य केले. ही रक्कम व्यवस्थित गुंतवण्यासाठी १९७६ मध्ये न्यास स्थापन झाला. सलम व्हो येथील टर्मिनलवर पहिले तेल १९७८ च्या अखेरीस पोहोचले. म्हणजे कायदा, करार आणि न्यास ही तिन्ही कामे तेल येण्यापूर्वीच पूर्ण झाली होती.

व्यत्ययाच्या मोबदल्याचे हप्ते २००० मध्ये संपले. गुंतवणुकीचे उत्पन्न मात्र पुढेही मिळत राहिले. वृद्धांची निवासस्थाने, क्रीडासंकुले आणि सामाजिक सेवा यांवर त्यातून खर्च झाला. हे चित्र सर्वस्वी निर्दोष नाही. एकदा उभारलेल्या सोयींचा देखभालखर्च दरवर्षी वाढत जातो. राखीव निधी वेगाने खर्ची पडू लागल्यामुळे २०१० नंतरच्या काळात कौन्सिललाही खर्चात मोठी कपात करावी लागली. निधी असणे आणि निधीतून किती काढावे याचा नियम असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

ब्राझील : जमेत वाढ, सेवांत नाही

ब्राझीलमध्ये याच्या उलट व्यवस्था आढळते. तेथे नगरपालिकांना तेलाच्या स्वामित्वधनातील हिस्सा कायद्यानेच मिळतो. रिओ दि जानेरो राज्याच्या किनाऱ्यासमोरील कँपोस खोऱ्यात १९७४ मध्ये तेल सापडले. १९९७ च्या पेट्रोलियम कायद्याने स्वामित्वधनाची कमाल मर्यादा उत्पादनमूल्याच्या ५ टक्क्यांवरून १० टक्क्यांपर्यंत नेली. किनाऱ्यावरील नगरपालिकांच्या सीमांपासून समुद्रात रेषा काढल्या जातात आणि त्या रेषांच्या आत येणाऱ्या विहिरींनुसार त्यांचा वाटा ठरतो. त्यामुळे शेजारच्या दोन गावांपैकी एकाला प्रचंड रक्कम आणि दुसऱ्याला अगदी थोडी, असे घडते. लाभ कोणाला मिळावा हे कर्तबगारीने न ठरता भूगोलाने ठरले. त्यामुळे संशोधकांना तुलनेची चांगली संधी मिळाली.

कासेली आणि मायकल्स या अर्थशास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाचा निष्कर्ष विचार करायला लावणारा आहे. तेलाचा पैसा मिळालेल्या नगरपालिकांचे उत्पन्न वाढले. शिक्षण, आरोग्य, गृहनिर्माण, वाहतूक अशा अनेक शीर्षांखाली दाखवलेला खर्चही वाढला. प्रत्यक्ष सोयीसुविधांत आणि लोकांच्या राहणीमानात मात्र त्या प्रमाणात सुधारणा आढळली नाही. कागदावरील खर्च आणि जमिनीवरील काम यांत मोठी तफावत राहिली.

याचे एक कारण पैशाच्या वाटेत आहे. घरपट्टी भरणारा नागरिक गटार तुंबले की पंचायतीच्या दारात जाऊन जाब विचारतो. आपला पैसा गेला आहे हे त्याला ठाऊक असते. वरून सूत्राप्रमाणे आपोआप येणारा पैसा कोणाच्याच खिशातून गेलेला दिसत नाही, त्यामुळे तो कोठे गेला हे विचारणाराही भेटत नाही. केंद्राकडून नगरपालिकांना मिळणाऱ्या अनुदानांविषयी ब्राझीलमध्येच झालेल्या, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणखी एका अभ्यासात अनुदान वाढले की भ्रष्टाचार वाढतो आणि निवडणुकीतील उमेदवारांचा दर्जा घसरतो, असे आढळले. नोकरभरती हा अशा वेळी सोपा मार्ग असतो. पण भरलेला कर्मचारी तेलाचा भाव उतरला म्हणून कमी करता येत नाही. २०१४ नंतर तेलाचे भाव कोसळले आणि जून २०१६ मध्ये, ऑलिंपिक स्पर्धा तोंडावर असताना, रिओ दि जानेरो राज्य शासनाला आर्थिक आणीबाणीची घोषणा करावी लागली.

शेटलंडला कायद्याने वाटा नव्हता, पण अधिकार आणि हिशेब होता. ब्राझीलच्या नगरपालिकांना वाटा होता, पण लोकांनी मागितलेला हिशेब नव्हता.

भारतातील घटनात्मक चौकट

भारतात या दोन्ही गोष्टी स्थानिक संस्थांपासून दूर आहेत. खाणींचे नियमन राज्यसूचीतील नोंद २३ मध्ये आहे, परंतु संघसूचीतील नोंद ५४ नुसार संसद कायदा करील त्या मर्यादेपर्यंत ते केंद्राकडे जाते. १९५७ च्या खाणी व खनिजे (विकास व नियमन) अधिनियमाने तसे झाले. प्रमुख खनिजांच्या स्वामित्वधनाचा दर केंद्र शासन ठरवते. रक्कम राज्याला मिळते. आणि उत्खननाचे परिणाम गाव भोगते. दर, जमा आणि झीज अशी ही तीन ठिकाणी झालेली विभागणी आहे.

१९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींना घटनात्मक दर्जा मिळाला. अकराव्या अनुसूचीत त्यांच्यासाठी २९ विषय दिले आहेत. त्यांत पिण्याचे पाणी, रस्ते, शिक्षण, आरोग्य आहे, खाणी नाहीत. कलम २४३-ह नुसार पंचायतीला कोणते कर लावता येतील हे राज्य विधिमंडळ ठरवते. अनुसूचित क्षेत्रांत १९९६ च्या पेसा कायद्यानुसार गौण खनिजांच्या पट्ट्यांसाठी ग्रामसभेची किंवा योग्य स्तरावरील पंचायतीची शिफारस आवश्यक आहे. प्रमुख खनिजांना ती तरतूद लागू नाही.

खनिजावर स्थानिक उपकर लावण्याचा प्रयत्न झाला नाही असे नाही. १९५८ च्या मद्रास पंचायत अधिनियमाखाली जमीन महसुलावर रुपयामागे ४५ पैसे स्थानिक उपकर होता आणि पुढे जमीन महसुलाच्या व्याख्येत स्वामित्वधनाचाही समावेश करण्यात आला. एका सिमेंट कंपनीने त्यास आव्हान दिले. १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने स्वामित्वधन हा कर असल्याचे म्हणून त्यावरील उपकर रद्द ठरवला. हा निर्णय साडेतीन दशके राज्यांच्या मार्गात उभा राहिला. २५ जुलै २०२४ रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने आठ विरुद्ध एक अशा बहुमताने तो चुकीचा ठरवला. स्वामित्वधन हा कर नसून खाणपट्ट्याच्या करारातून देय होणारा मोबदला आहे आणि खनिज हक्कांवर कर बसवण्याचा अधिकार राज्यांना आहे, असे या निर्णयात म्हटले आहे. संसदेला त्यावर कायद्याने मर्यादा घालता येते. या निर्णयाने दार उघडले ते राज्यांसाठी. मद्रासमधील ज्या पंचायतींच्या उपकरावरून हा वाद सुरू झाला, त्यांच्यासारख्या संस्थांना वाटा मिळणे अद्यापि राज्य विधिमंडळाच्या आणि राज्य वित्त आयोगाच्या निर्णयावर अवलंबून आहे.

गोव्याचा अनुभव

गोव्यात पोर्तुगीज राजवटीत खाणींच्या सवलती दिल्या गेल्या. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जपानकडे आणि एकविसाव्या शतकाच्या आरंभी चीनकडे लोहखनिजाची मोठी निर्यात झाली. डिचोली, सत्तरी, सांगे, केपे या तालुक्यांतून टिपरने नदीकाठी आणि तेथून मांडवी-जुवारीतील बार्जने मुरगाव बंदराकडे खनिज जाई. २०१०-११ मध्ये गोव्यातून होणारी निर्यात ५ कोटी टनांच्या पुढे गेली होती.

२००९ पर्यंत स्वामित्वधन टनामागे मोजके रुपये होते. जागतिक बाजारात भाव कितीही चढले तरी शासनाला ठरीव रक्कमच मिळे. ऑगस्ट २००९ मध्ये मूल्याधारित १० टक्के दर लागू झाला आणि राज्याची या शीर्षाखालील जमा एकदम कैक पटींनी वाढली. २०१४ मध्ये हा दर १५ टक्के झाला. दराच्या एका बदलाने एवढा फरक पडतो, यावरून आधीच्या तेजीत सार्वजनिक तिजोरीने काय गमावले याची कल्पना येते.

गावांच्या वाट्याला या काळात मुख्यतः मजुरी, ट्रकचे भाडे आणि कंपन्यांच्या देणग्या आल्या. विहीर आटली की टँकर, उत्सवाला वर्गणी, शाळेला इमारत असे त्यांचे स्वरूप असे. वरकरणी हे गावाचे उत्पन्नच वाटते. पण देणगी अंदाजपत्रकात येत नाही, तिचे लेखापरीक्षण होत नाही आणि ती हक्काने मागता येत नाही. दुसरीकडे अनेक कुटुंबांनी कर्ज काढून टिपर घेतले होते. ग्रामसभेत धुळीचा किंवा पाण्याचा प्रश्न निघाला की तो गावाच्या हिताचा आणि त्याच वेळी घरच्या हप्त्याचाही प्रश्न बनत असे.

शाह आयोगाचा अहवाल मांडला गेल्यानंतर सप्टेंबर २०१२ मध्ये राज्याने आणि ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणकाम थांबवले. २१ एप्रिल २०१४ च्या निकालात न्यायालयाने गोव्यातील पट्ट्यांची मुदत २२ नोव्हेंबर २००७ रोजीच संपली होती असे ठरवले, वार्षिक उत्खननावर तूर्त २ कोटी टनांची मर्यादा घातली आणि विक्रीच्या रकमेतील १० टक्के भाग भावी पिढ्यांसाठी स्थायी निधीत ठेवण्याचा आदेश दिला. खनिज हे भांडवल आहे, हा विचार अशा रीतीने न्यायालयीन आदेशातून गोव्यात आला. त्यानंतर नूतनीकरण केलेले ८८ पट्टे फेब्रुवारी २०१८ मध्ये रद्द झाले आणि मार्चपासून काम पुन्हा थांबले. २०२२ च्या अखेरीस लिलाव सुरू झाले आणि २०२४ मध्ये लिलावातील पहिल्या पट्ट्यात उत्खनन सुरू झाले. दरम्यानच्या काळात ट्रक व बार्जमालकांच्या कर्जांसाठी राज्याला सवलत योजना आणाव्या लागल्या. तेजीचा पैसा बाजूला ठेवलेला नव्हता आणि मंदीचा भार मात्र सार्वजनिक तिजोरीवर आला.

जिल्हा खनिज प्रतिष्ठान

खाणबाधित लोकांसाठी २०१५ च्या दुरुस्तीने जिल्हा खनिज प्रतिष्ठान ही व्यवस्था आली. १२ जानेवारी २०१५ पूर्वीच्या पट्टाधारकांनी स्वामित्वधनाच्या ३० टक्के आणि नंतरच्या लिलावातील पट्टाधारकांनी १० टक्के इतकी रक्कम प्रतिष्ठानात भरावयाची असते. देशभरात या मार्गाने जमा झालेली रक्कम १ लाख कोटी रुपयांच्या पुढे गेली आहे.

याचे प्रमाण समजण्यासाठी एक हिशेब करून पाहता येईल. समजा, लोहखनिजाचे विक्रीमूल्य टनामागे २,००० रुपये आहे. १५ टक्के दराने स्वामित्वधन ३०० रुपये होईल. पट्टा लिलावातील असल्यास प्रतिष्ठानाचा वाटा त्याच्या १० टक्के, म्हणजे ३० रुपये. लिलावात बोललेले अधिमूल्यही राज्याकडे जाते. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या खात्यात यांपैकी थेट काहीच येत नाही.

प्रतिष्ठानाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. निधीतून गावात रस्ता किंवा नळयोजना होते, पण तो निर्णय पंचायतीच्या अंदाजपत्रकाबाहेर होतो. २०२४ च्या सुधारित मार्गदर्शक तत्त्वांनुसार किमान ७० टक्के रक्कम पिण्याचे पाणी, आरोग्य, शिक्षण, पर्यावरण अशा उच्च प्राधान्याच्या कामांवर खर्च करावयाची आहे. हा बदल स्वागतार्ह आहे. तथापि काम कोणते व्हावे हे गावाने सांगितल्याशिवाय आणि झालेल्या कामाचा हिशेब ग्रामसभेत वाचल्याशिवाय ब्राझीलमधील तफावत येथेही निर्माण होऊ शकते.

समारोप

वरील विवेचनावरून कोणत्याही खनिजक्षेत्राविषयी चार प्रश्न विचारता येतात. मालकी आणि दर ठरवण्याचा अधिकार कोणाकडे आहे? पैसा स्थानिक संस्थेच्या अंदाजपत्रकात येतो की तिला वळसा घालून जातो? साठा किती वर्षांचा आहे आणि मिळालेल्या रकमेपैकी किती भाग टिकाऊ स्वरूपात ठेवला जातो? खर्चाचा हिशेब कोण मागतो आणि कोणासमोर तो मांडला जातो?

महाविद्यालयीन अध्यापकांना हे प्रश्न वर्गाबाहेरही नेता येतील. गोव्यातील किंवा बळ्ळारीसारख्या खनिज जिल्ह्यांतील विद्यार्थ्यांना आपल्या ग्रामपंचायतीचे वार्षिक अंदाजपत्रक, राज्याच्या अर्थसंकल्पातील खनिज महसुलाचे शीर्ष आणि जिल्हा खनिज प्रतिष्ठानाचा वार्षिक अहवाल ही तीन कागदपत्रे शेजारी ठेवून वाचण्याचा प्रकल्प देता येईल. माहिती उपलब्ध नसल्यास २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज कसा करावा, हेही त्यातून शिकवता येईल. गावातून किती टन खनिज गेले आणि त्यापोटी गावाच्या वहीत काय जमा झाले, हे दोन आकडे विद्यार्थ्याने स्वतः शोधून काढले, तर सार्वजनिक वित्तव्यवहार हा विषय त्याला परीक्षेपुरता राहणार नाही. आणि ग्रामसभेत पुढील ठराव मांडला जाईल तेव्हा ते आकडे गावातील कोणाला तरी ठाऊक असतील.